तुळस आणि इतर पायाभूत सुविधा

तुळस म्हणजे काय, असं मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. माहेरी अंगणात होती, सासरी सोसायटीच्या गेटाशी. सकाळी पाणी घालायचं, हळदकुंकू वाहायचं, संध्याकाळी दिवा लावायचा. आईकडे बोट दाखवून ‘ही नक्की कोणत्या प्रकारात मोडते?’ असं कोणी विचारतं का? तसंच ते. पण यंदा आषाढात आमच्या सुनेने माझ्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं, आणि मी त्याला तुळशीचा फोटो दाखवला तेव्हा त्याने विचारलं, ‘ही वस्तू काय आहे?’ खाली पर्याय होते: वनस्पती, बांधकाम, धार्मिक स्थळ, जलसुविधा, विद्युतसुविधा. आणि सर्वांत खाली बारीक अक्षरांत, ‘कृपया एकच निवडा.’

दुसरी कोणी असती तर जे बोटाखाली आलं ते दाबून मोकळी झाली असती. माझी पंचाईत वेगळी होती.

मी नेमाची बाई आहे. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाही, आणि दर चातुर्मासात एक नवा नेम धरते. वांगं सोडून झालं, कांदालसूण सोडून झाली, एका वर्षी जेवताना मौन धरलं. (आमचे हे अजूनही त्या वर्षाची आठवण फार प्रेमाने काढतात.) यंदा ठरवलं, असत्य बोलायचं नाही.

“चार महिने?” हे म्हणाले. “मग माझ्या बहिणीला गणपतीत बोलावू नकोस.”

तेव्हा मला ती चेष्टा वाटली. वांगं सोडणं किती सोपं असतं ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. वांगं समोर उभं राहून ‘काय काकू, कशी दिसते साडी?’ असं विचारत नाही.

आता हे ॲप माझ्या फोनमध्ये कसं आलं ते सांगते. आमची सून श्रुतिका पवईला एका कंपनीत आहे. कचेरीच्या खिडकीतून तलाव दिसतो म्हणे, पण ती दिवसभर कॉम्प्युटरच्याच खिडकीत बघते. तिच्या कंपनीला एक मोठं सरकारी काम मिळालं होतं. तिने मला भाजी निवडता निवडता समजावलं.

“आई, शहराची माहिती सगळ्या खात्यांकडे आहे, पण प्रत्येक खात्याची बोली वेगळी. पाणीखातं ज्याला व्हॉल्व्ह म्हणतं त्यालाच रस्तेखातं झाकण म्हणतं. दोघांकडे तीच वस्तू, पण दोघांना ते माहीतच नाही. मग एक जण रस्ता गुळगुळीत करतो आणि दुसरा महिन्याने तोच खणतो.”

“ते बघतो की आम्ही.”

“तर आधी एकदा ठरवायचं, शहरात मुळात काय काय असतं. कशाला काय म्हणायचं, आणि कशाचं कशाशी नातं काय. त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. ते ठरलं की सगळ्यांची माहिती एकत्र गुंफता येते.”

शब्द परका होता, पण काम मला ओळखीचं वाटलं. आमच्या देवव्रतच्या लग्नात, म्हणजे हिच्याच लग्नात, माझे थोरले दीर कोणाचे आप्पा होते, कोणाचे बाळ, आणि ऑफिसातल्या मंडळींचे दातारसाहेब. हिच्या माहेरच्यांनी तीन माणसं समजून तीन शेले काढून ठेवले. नावं पुकारली गेली आणि एकच गृहस्थ तीनदा उठून मान वाकवून आला. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. त्या दिवशी हॉलच्या दारात एक जाणती बाई उभी हवी होती, जी सांगेल की हे तिघे एकच आहेत, आणि ते तिकडचे दोघे सारखे दिसले तरी दोन आहेत.

“अगदी बरोबर!” श्रुतिका म्हणाली. “आई, मी शहरासाठी ती बाई आहे.”

सून असं काही बोलली की सासूने मदत करायची असते. प्रत्येक भागातले रहिवासी आपल्या आजूबाजूच्या वस्तू नोंदवणार होते. मुलुंड पूर्वेतला आमचा पट्टा मी पत्करला.

पहिल्याच दिवशी बसथांब्याशी अडले. आमच्या कोपऱ्यावर थांबा आहे, छप्पर आहे, बाक आहे आणि बाकावर काशीराम परब आहेत. परब मूळचे मालवणकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, रोज तिथे बसून पेपर वाचतात. नाही ती फक्त बस. तिचा रस्ता बदलून एक पिढी उलटली. ‘बसथांबा’ लिहावं तर खोटं, न लिहावं तर ती पाटी डोळ्यांसमोर.

“वयनी, कसलो विचार करतास?” परबांनी चष्म्यावरून विचारलं.

मी अडचण सांगितली.

“लिवा, ‘परबांची बसूची जागा’. तां शंभर टक्के खरां.”

तो पर्याय नव्हता. मी शेवटी ‘छप्पर’ लिहून पुढे गेले. मग आमच्या ‘चित्रा’ सोसायटीचे सेक्रेटरी सुबोध टिपणीस जिन्यात आडवे आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “काकू, सगळं नोंदवा, झकास काम आहे, पण गच्चीवरची शेड तेवढी... म्हणजे ती तशी नाहीचे, ना?”

“शेड आहे,” मी म्हटलं. “पण मला गच्चीवर जायला कोणी सांगितलेलं नाही.”

खरं बोलायचा नेम धरला होता. सगळं बोलायचा नाही. हा बारकावा मला त्या दिवशी सुचला आणि पुढे फार उपयोगी पडला.

आता वसुधाबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी कथा खरं म्हणजे तिच्या पाण्याची आहे.

वसुधा चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. आम्ही दोघी एकाच वर्षी इथे नव्या नवऱ्या म्हणून आलो. मी तळमजल्यावर, ती वर. आमच्याकडे पहाटे पाणी येतं ते खालच्या टाकीत जेमतेम गुडघाभर साठतं, पंप ते खोकत खोकत गच्चीवर चढवतो, आणि चढलेलं पाणी खालचे मजले ओढून घेतात. टाकीच्या सर्वांत जवळ राहणाऱ्या वसुधाच्या नळाला करंगळीएवढी धार, तीही तिची मर्जी असेल तेव्हा. बाहेर श्रावण धो धो कोसळत असतो, तलाव भरल्याच्या बातम्या येत असतात, आणि ही बाई गेटाजवळच्या नळावरून बादली भरून चार जिने चढत असते. पंप बदलून झाला, पाइप बदलून झाले, वास्तुशांतही करून झाली. संध्याकाळी दिव्याच्या वेळी ती खाली येते, आम्ही तुळशीपाशी स्तोत्र म्हणतो, आणि मग मी तिची बादली पहिल्या मजल्यापर्यंत नेऊन देते. तिथून पुढे ती मला नेऊ देत नाही.

यंदा तिचे गुडघे अगदीच बोलायला लागले. तिची मुलगी शुभा डोंबिवलीला असते. तिने सांगितलं, “आई, गणपती झाले की तू कायमची इकडे.” वसुधाने मला हे दिवा लावता लावता सांगितलं, जसं काही तेल संपत आलंय असं सांगावं. मी वात सारली. ‘बरं होईल तुझं’ म्हणायचा प्रघात आहे, पण माझा नेम होता.

तर पुन्हा तुळशीकडे. आमचं वृंदावन गेटाच्या आत उजव्या हाताला. सोसायटी झाली तेव्हा तिथे सिमेंटचा एक गोल कट्टा आयता होता. त्यावर पहिल्या सेक्रेटरींच्या आईने चार विटा रचून वृंदावन बांधलं. कट्टा आयता का होता, असं कोणी विचारलं नाही. आयतं मिळालेल्याची आपण चौकशी करत नाही.

मी फोन हातात घेऊन पावसात छत्रीखाली उभी होते. वनस्पती म्हणावं तर चाफाही वनस्पती, त्याला मी कुठे नमस्कार करते? बांधकाम म्हणावं तर तुळस राहिली. धार्मिक स्थळ म्हणावं तर विटा आणि माती राहिली. काहीही एक दाबलं की उरलेलं दडवल्याचं पाप. श्रुतिकाला फोन केला तर ती मीटिंगमध्ये. मग मला मार्ग सुचला. मी एकाच जागी उभी राहून तीन वेगळ्या नोंदी केल्या. एक वनस्पती, एक बांधकाम, एक धार्मिक स्थळ. तिन्ही खऱ्या. घरी येऊन समाधानाने चहा घेतला.

ज्या यंत्राचं कामच मुळी ‘हे तिघे एकच आहेत’ हे ओळखायचं, त्याला मी तीन शेले दिले होते. यंत्राने पाहिलं, तिन्ही एकाच जागी. शिवाय पाणीखात्याच्या जुन्या नकाशातली एक हरवलेली वस्तूही नेमकी तिथेच. त्याने चौघांचा हात एकमेकांच्या हातात दिला आणि जाहीर केलं की मुलुंड पूर्वेत एक वस्तू आहे. ती जिवंत आहे, पवित्र आहे, विटांची आहे, आणि तिच्यामुळे पाणी चालू-बंद होतं.

माझी आजी तुळशीबद्दल साधारण हेच सांगायची. पण ती वॉर्ड ऑफिसला कळवायची नाही.

पहिला माणूस आला तो झाडं मोजणारा. त्याने वृंदावनाभोवती एक चक्कर मारली, त्याच्या नकळत ती प्रदक्षिणाच झाली, आणि खोडाचा घेर विचारला. मी करंगळी दाखवली. “मॅडम, याच्यावर नंबर कुठे ठोकू?” तो म्हणाला. मला त्याची दया आली. मी त्याला कैरीच्या गोळ्या... नाही, त्या पुढच्या माणसाला. ह्याला चहा दिला.

पुढचा माणूस पोलीस होता. नव्या नोंदीतल्या धार्मिक स्थळांची माहिती घेत फिरत होता बिचारा. छत्रीतून पाणी निथळत होतं.

“मावशी, उत्सव असतो का इथे?”

“असतो. कार्तिकात लग्न असतं.”

“कोणाचं?”

“हिचं.”

त्याने वृंदावनाकडे पाहिलं, वहीत लिहिलं. “मुलाकडचे किती येतात?”

“एकटा येतो. बाळकृष्ण.”

“दरवर्षी तेच लग्न?”

“तेच.”

“गर्दी?”

“बोरं-आवळे वाटायच्या वेळी थोडी होते.”

तो फार सभ्य माणूस होता. ‘बंदोबस्त: एक शिपाई’ असं लिहून घेऊन आणि कैरीच्या गोळ्या खिशात घालून गेला. पण खिडक्यांतून सगळ्या सोसायटीने पोलीस पाहिला होता. संध्याकाळपर्यंत बातमी अशी झाली की दातारकाकूंनी तुळशीला संरक्षण मागितलंय. “कोणापासून गं, माझ्यापासून?” दुसऱ्या मजल्यावरच्या चंपाबेनने विचारलं. तिने एकदा काढ्यासाठी पानं तोडली होती, ते ती विसरली नव्हती. टिपणीसांनी तर जिन्यात सर्वांसमोर हात जोडले. “काकू, शेड वाचवलीत, उपकार आहेत. पण तुळशीवरून पोलीस? वाट लावलीत यार सोसायटीची!” पन्नाशीच्या माणसाने मला यार म्हणावं इतकी माझी पत घसरली होती.

तिसरी आली पाणीखात्याची इंजिनियर, शर्मिष्ठा. रेनकोट घातलेली, टवटवीत मुलगी. तिच्या हातात छापील नकाशा होता आणि चेहऱ्यावर हरवलेला मुलगा सापडल्याचा आनंद.

“काकू, तुमच्या बिल्डिंगच्या तक्रारी मी आल्यापासून वाचतेय. हा व्हॉल्व्ह कुठे गेला तेच कोणाला कळत नव्हतं. कधीतरी दुरुस्तीसाठी फिरवला असणार, आणि अर्धा बंदच राहिला. वर कट्टा झाला, मग...” तिने तुळशीकडे पाहून चप्पल काढली. “मग ह्या झाल्या.”

वसुधा नेमकी तेव्हा बादली घेऊन उभी होती. “म्हणजे हा उघडला की?”

“आजी, टाकी भरून वाहील.”

वसुधाने बादली खाली ठेवली. मी वृंदावनाकडे पाहत राहिले. रोज सकाळी मी तांब्याभर पाणी जिथे ओतत होते, त्याच्या बरोबर खाली वसुधाचं पाणी अडून बसलं होतं. कोणाचा दोष नव्हता. कोणाला ठाऊकच नव्हतं. तरीही मला त्या दिवशी स्तोत्रात मध्येच ओळ आठवेना.

वाटलं, आता दोन दिवसांत काम होईल. पण चौघांचे हात एकमेकांत होते ना! कट्टा फोडायचा तर ते धार्मिक स्थळ, त्याला एका समितीची परवानगी. समिती म्हणाली, त्यावर झाड आहे, आधी झाडवाल्यांचं पत्र आणा. झाडवाले म्हणाले, झाड ज्या बांधकामात आहे त्याचा नकाशा मंजूर आहे का? बांधकामवाले म्हणाले, आमच्या लेखी तिथे व्हॉल्व्ह आहे, पाणीखात्याला विचारा. पाणीखातं म्हणजे शर्मिष्ठा, आणि ती आमच्याच पायरीवर बसून हे सगळं सांगत होती.

“काकू, एक उपाय आहे,” ती जरा चाचरत म्हणाली. “नोंद तुम्ही केलीय. तुम्हीच दुरुस्त करा. ‘हे धार्मिक स्थळ नाही’ एवढं लिहून पाठवा. परवा माणसं आणते.”

किती साधं होतं! चार शब्द. आणि चारही शब्द मिळून खोटे.

सल्ले देण्यात आमच्या सोसायटीचा हात कोणी धरणार नाही. चंपाबेन म्हणाली, लिहायचं आणि प्रायश्चित्त म्हणून एक उपास करायचा. टिपणीस म्हणाले, “काकू, तुम्ही बोलू नका, नुसतं बटण दाबा. बोट कुठे खोटं बोलतं?” परब गंभीरपणे म्हणाले, “आमच्या गावाक असा काय झाला की देवाक कौल लावतत. तुळशीकच इचारा. उजव्या बाजूचा पान पडला तर हो.” मग दोन दिवस येता-जाता सगळे तुळशीखाली वाकून बघत होते. पावसाने दोन्ही बाजूंची पानं पाडली.

घरी ह्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. “अगं, धर्मराजासुद्धा एकदा ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणाला.”

“आणि त्याचा रथ जमिनीला टेकला.”

“आपल्याकडे स्कूटर आहे. ती आधीच टेकलेली आहे.”

मी हसले, पण मला झोप लागेना. एका पारड्यात माझा नेम, दुसऱ्यात वसुधाचे गुडघे. नेम कशासाठी धरायचे? मन स्वच्छ राहावं म्हणून. मैत्रिणीला पाण्यावाचून घालवून राखलेलं मन कसलं स्वच्छ? आणि खोटं लिहून मिळवलेलं पाणी वसुधाने घेतलं असतं का? तिला विचारलं तर ती म्हणाली, “माझ्यासाठी तुळशीला ‘नाही’ म्हणालीस तर मी त्या पाण्याने आंघोळ करणार नाही हं, उत्तरा.” तिलाही नेम असतात. मीच लावलेत.

श्रुतिका तर माझ्याहून हैराण झाली होती. “आई, चूक तुमची नाही, आमची आहे. ऑफिसात यावरूनच भांडणं चाललीयेत.” पण काय चूक, ते तिला नीट सांगता येत नव्हतं.

डोंबिवलीला जाण्याआधी या घरात एकदा सत्यनारायण व्हावा, अशी वसुधाची इच्छा होती. सगळी सोसायटी पाणी घेऊन वर गेली. आमच्याकडे चौथ्या मजल्यावरच्या पूजेला हार-पेढ्यांऐवजी कळश्या न्यायची पद्धत पडली आहे. पूजा छान झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजेला आम्ही घरच्याच बायका होतो. वसुधाने अक्षता टाकल्या, कलश किंचित हलवला, आणि आदल्या दिवशी ज्या सुपारीला आम्ही सगळ्यांनी गणपती म्हणून नमस्कार केला होता, ती उचलून सुपाऱ्यांच्या बरणीत टाकली.

श्रुतिका बरणीकडे बघत राहिली. “मावशी, लहानपणापासून हे बघत आलेय. पण हा काल गणपती होता ना?”

“होता गं. आता सुपारी.”

“मग काल आपण सुपारीला गणपती म्हणालो ते काय?”

वसुधाने माझ्याकडे पाहिलं. असले प्रश्न ती माझ्याकडे ढकलते.

“काल गणपतीच होता,” मी म्हटलं. “बोलावलं म्हणून आला, निरोप दिला म्हणून गेला. सुपारी मात्र आधीही सुपारी, मधेही सुपारी, आताही सुपारी. दोन्ही खरं.”

श्रुतिकाने कपाळावर हात मारून घेतला. “आई! शिकलोय हो आम्ही हे. वस्तू मुळात काय आहे ते वेगळं, आणि सध्या ती काय म्हणून वागतेय ते वेगळं. दुसऱ्याला सुरुवात असते, शेवट असतो. आणि आम्ही घाईघाईत दोन्ही एकाच रकान्यात कोंबलं!” ती तिथेच भिंतीला टेकून लॅपटॉप उघडून बसली. “कट्टा म्हणजे बांधकाम. वृंदावन ही त्याची भूमिका. अमुक दिवसापासून, अमुक दिवसापर्यंत. ‘पर्यंत’पुढे तारीख आली की समिती नाही, काही नाही.”

“आणि ती तारीख कोण घालणार?” वसुधाने विचारलं.

श्रुतिकाची बोटं थांबली. “निरोप देणारं माणूस,” ती हळूच म्हणाली आणि माझ्याकडे बघणं टाळत राहिली.

मला समजायला वेळ लागला नाही. माझंच वाक्य माझ्या दाराशी येऊन उभं होतं.

“तुळस सुपारी नव्हे,” मी म्हटलं. “तिला बोलवावं लागत नाही आणि निरोपही देता येत नाही. ती जाईल तिथे तुळसच.” एवढं बोलले आणि पुढचं आपोआप आलं. “कट्टा मात्र ती बसलीय म्हणून वृंदावन. ती उठली तर कट्टा.”

म्हणजे खोटं लिहायची गरजच नव्हती. जे लिहायचं ते आधी खरं करायला हवं होतं.

“कुठे नेशील तिला?” वसुधाने विचारलं. “तुझ्याकडे तर ऊन नाही.”

तिच्या गॅलरीत सकाळचं ऊन येत होतं. मी तिथे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. तीही बघत होती.

“तुळस घरात असली की घर बंद करून जाता येत नाही हं, मावशी,” श्रुतिका लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली. पोर हुशार आहे.

एकादशी, द्वादशी, रविवार असं सगळं टाळून दिवस धरला. मी वृंदावनाची शेवटची पूजा केली, मुळांना धक्का लागू नये म्हणून मातीच्या गड्ड्यासकट तुळस सोडवली. परब अस्वस्थ होऊन बसथांब्यावरून उठून आले होते. “वयनी, लगीन तोंडार इलां आणि चेडवाक घराभायर काढतास?”

“घराबाहेर नाही हो भावजी,” मी म्हटलं. “पोर मावशीकडे केळवणाला चाललीय.”

म्हटलं खरं, आणि मग धास्तावले, हे खोटं तर नाही झालं? वसुधाला निरोप पाठवला की वरणभात-पुरणाचा नैवेद्य करून ठेव. झालं केळवण.

कुंडी वर चढवायला हे आणि टिपणीस. प्रत्येक मजल्यावर विश्रांती, प्रत्येक दारातून सल्ला. “तिरकी धरा!” “तिरकी नको, देव आहे!” तिसऱ्या मजल्यावर टिपणीस घामाघूम होऊन म्हणाले, “श्रुतिका, तुझ्या ॲपात लिही गं, वस्तू तुळस, भूमिका वजन.” मी सोबत दिवा सांभाळत चढत होते. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, वसुधा रोज काय चढत होती. माझ्या हातात तर बादलीही नव्हती.

मग मी फोन काढून लिहिलं, ‘तुळस आज इथून उठली.’

शर्मिष्ठाची माणसं आली. कट्टा फुटला, तेव्हा मी घरात देवापाशी बसून होते. थोड्या वेळाने जमिनीखालून एक मोठा, लांबलचक श्वास सोडल्यासारखा आवाज आला. मग सगळ्या सोसायटीच्या कानांनी वरच्या दिशेने पाण्याचा माग काढला. वसुधाचा नळ म्हणे आधी खोकला, मग तांबडं थुंकला, मग वाहायला लागला. तिने मला फोन लावला. नुसता नळाचा आवाज ऐकवला. मी बराच वेळ ऐकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ केली, नेहमीसारखा तांब्या भरला, पदराखाली धरला आणि चार जिने चढून गेले. वसुधाने दार उघडलं. माझ्या हातातल्या भरल्या तांब्याकडे तिने पाहिलं.

“वेडे,” ती म्हणाली, “रिकामा आणायचास गं. आता इथे पाणी आहे.”

डोंबिवलीला तिने कळवलं, तुळशीचं लग्न होईपर्यंत निघता येणार नाही. आणि लग्न झालेल्या मुलीला टाकून तरी कसं जायचं?

गेटाशी आता लोखंडी झाकण आहे. तरी परब त्याला वळसा घालूनच जातात. टिपणीससुद्धा. मी श्रुतिकाला विचारलं, याला तुमच्याकडे काय म्हणतात? ती म्हणाली, यावर अजून विचार चालू आहे.

कार्तिकात लग्न लागलं ते चौथ्या मजल्यावर. ऊस, बोरं, आवळे, सगळं साग्रसंगीत. मंगलाष्टकं सुरू होणार एवढ्यात दारात तोच पोलीस, धापा टाकत. नोंदीप्रमाणे बंदोबस्ताला आला होता. खाली झाकण पाहून विचारत विचारत वर पोचला. अंतरपाटाचं एक टोक ह्यांच्या हातात होतं, दुसऱ्याला माणूस कमी पडत होता. वसुधाने ते त्याच्या हातात दिलं. त्याने टोपी सारखी केली आणि शेवटपर्यंत अंतरपाट असा ताठ धरला की बाळकृष्णाला पळून जायची सोय राहिली नाही.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी गॅलरीत बसलो. दिवा जळत होता. आत नळावर भांडी घासली जात होती आणि वसुधा त्या आवाजाकडे कान लावून होती. मग तिने तोच प्रश्न विचारला, जो गेले दोन महिने ती विचारत होती आणि मी दर वेळी स्तोत्र सुरू करून टाळत होते.

“उत्तरा, रोज चार जिने चढून येतेस. गुडघे दुखत नाहीत ना गं तुझे?”

“छे गं,” मी म्हटलं, “अजिबात नाही.”

चातुर्मास आदल्या दिवशी संपला होता.